इंगाचा रिकामा रकाना

ही गोष्ट माझ्या सख्ख्या आत्याची आहे. ऐकीव नाही. त्या टेबलापाशी मी स्वतः बसले होते. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. कुणाला पटवत बसायचं बळ आता माझ्यात उरलेलं नाही.

आणि हो, ती रात्र नव्हती. जानेवारीतल्या रविवारची भर दुपार होती. युटातलं आमचं सॅनपीटचं खोरं, गुडघाभर बर्फ, आणि त्यावर डोळे दिपवणारं ऊन.

चर्च सुटल्यावर मी नेड्रा आत्याकडे गेले होते. आत्या ऐंशीच्या पुढची, एकटी. वीस वर्षं तिने सोरेन्सन घराण्याची वंशावळ आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर जपली होती. डेन्मार्कहून बोटीने आलेल्या पहिल्या माणसापासून परवाच्या बारशापर्यंत सगळी माणसं त्यात. आमच्याकडे मेलेल्यांची नावं राखणं हे देवाचं काम मानतात. आत्याने ते पोटच्या पोरासारखं केलं.

पण तो प्रोग्राम काढणारी कंपनीच बंद पडली होती. कॉम्प्युटर दम लागलेल्या बैलासारखा धापा टाकायचा.

आणि आत्याची आठवण... उसवत चालली होती.

"मी विसरायच्या आत सगळ्यांना वर चढव, पोरी," ती म्हणाली. वर म्हणजे ऑनलाइन झाडावर. तिथे सगळ्या नातलगांना सगळे दिसतात.

सगळे म्हणजे, मेलेले.

जिवंत माणूस तिथे लपवलेला असतो. ज्याच्या खात्यात त्याची नोंद, त्यालाच तो दिसतो. बाकी कुणाला नाही. चर्चमध्ये हे काम शिकवणारे थेनकाका आहेत, ते म्हणायचे, "घाबरू नका बायांनो, मेल्याशिवाय आपल्याला कोण बघतंय? मी तर बायकोलाही दिसत नाही."

फाइल चढली. मग एकेक नाव तपासणं सुरू झालं. आत्या सांगायची, मी टिचकी मारायची. अमका नदीत गेला, तमकी बाळंतपणात गेली. आत्याचा आवाज जात्यावरच्या ओवीसारखा संथ फिरत होता.

एका नावापाशी तो थांबला.

इंगा. आत्याची धाकटी बहीण. म्हणजे माझीही आत्याच... नऊ वर्षांची.

तिची गोष्ट घरात कुणी काढत नसे. माझे वडील तिच्यानंतर जन्मले. त्यांनाही नाव तेवढं माहीत. डिसेंबरात शेजारी ताजा पाव द्यायला गेली. मागून वादळ आलं. पोहोचली नाही, परतली नाही. वसंतात बर्फ वितळला तेव्हा गावातल्या पुरुषांनी हात धरून शेतं तुडवली. काही सापडलं नाही.

म्हणून तिच्या आईने मृत्यूचा रकाना कधी भरू दिला नाही. मागच्या ओसरीवरचा दिवा रात्रंदिवस जळता ठेवला. रोज संध्याकाळी दार उघडून पोरीला हाक मारायची, मरेपर्यंत. आई गेल्यावर दिवा आत्याने सांभाळला.

हाक मात्र बंद झाली.

मी आत्याला समजावलं. तारीख नाही म्हणजे यंत्राच्या लेखी इंगा जिवंत. जिवंत म्हणजे लपलेली. तुझ्या खात्यावाचून ती कुणाला दिसणार नाही.

आत्याने खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघितलं.

"आणि मी विसरले की?"

मी माउसवरचा हात काढला.

"मग ती होती हेच कुणाला कळणार नाही. मेली म्हणून लिही, पोरी. दिसू दे तिला."

मी खूण बदलली. बदलाचं कारण विचारणारी चौकट उघडली. काय लिहू, मी विचारलं.

"लिही... आईनंतर हाक मारायला कुणी उरलं नाही."

मी लिहिलं. इंगाचं नाव झाडावर उमललं. सगळ्यांना दिसेल असं. आत्याने पडद्यावर बोट फिरवलं, गालावरून फिरवावं तसं.

तेव्हाच...

मागच्या ओसरीवर कुणीतरी पाय आपटले.

डावा. उजवा.

बुटांवरचा बर्फ झाडावा तसे. हलके. लहान.

शेजारचं कुणी असेल म्हणून मी उठले. आत्याही आधार घेत माझ्यामागे आली. मी दार उघडलं.

कुणी नव्हतं.

ओसरीपासून कुंपणापर्यंत बर्फ अंथरल्यासारखा सपाट. चिमणीच्या पायाचीसुद्धा खूण नाही.

दार लावून आम्ही टेबलापाशी आलो. इंगा सगळ्यांच्या झाडावरून गेली होती. तिच्या नावापुढे पुन्हा जिवंत अशी खूण होती. बदल कुणी केला तेही तिथे लिहिलेलं असतं. तिथे आत्याचं नाव होतं.

आत्या तर माझ्यामागे उभी होती. माझी बाही धरून.

मी पुन्हा बदललं. यंत्र जुनं आहे, मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

डावा... उजवा...

या वेळी मी गेले नाही. पडद्याकडे बघत राहिले. माझ्या डोळ्यांदेखत खूण पालटली.

जिवंत.

आमच्या घरांतून मागच्या दाराला कुणी कुलूप लावत नाही, की घरचं माणूस टकटक करत नाही. सरळ आत येतं. मग ती का येत नाही? हे मी मोठ्याने बोलले असेन. कारण आत्या हसली. लहान मुलीसारखी हसली.

"शनिवारी आई फरशी पुसायची. बजावून ठेवलं होतं तिने, हाक मारेपर्यंत आत यायचं नाही. त्याचं गाणंच होतं आमचं." आणि खुर्चीत बसून तिने ते म्हटलं, पाय हलवत,

"डावा पाय झाड, उजवा पाय झाड,
हाक येईल तेव्हा उघडेल कवाड."

"आत्या, नको," मी म्हटलं. का म्हटलं, ठाऊक नाही.

आत्याने मागच्या दाराकडे तोंड केलं.

"ये गं इंगा, आत ये. फरशी वाळली."

दार उघडलं नाही. आवाज झाला नाही. फक्त माझ्या पायांवरून गार हवा सरकत गेली... आणि आत्याने मांडीवरचा रुमाल काढून जागा केली.

त्या दिवसापासून ती दोन वाट्या मांडू लागली. माझं नाव विसरली, माझ्या वडिलांचं विसरली. इंगाशी मात्र तासन्‌तास बोलायची. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं. बिशपने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी तिला प्रोव्होला माझ्या घरी यायला विनवलं, हाता-पाया पडले.

"मी कशी येऊ? तिला तुझं घर माहीत नाही," आत्या म्हणाली.

मी काय करू शकत होते? ज्याने नोंदलं त्यालाच दिसतं. मला ती रिकामी वाटी तेवढी दिसत होती.

मार्चमध्ये, एका सकाळी, आत्या मागच्या ओसरीवर खुर्चीत सापडली. दार सताड उघडं. रात्रभर बर्फ पडला होता. तिच्या केसांवर बर्फ, खांद्यांवर, गुडघ्यांवर, पायांच्या बोटांवर.

मांडी मात्र कोरडी होती.

मांडीवर एक कोरडी जागा. एक मूल मावेल एवढी. दोन्ही हात त्या जागेभोवती वेढलेले.

माती झाली. घर विकलं. ओसरीवरचा दिवा मी स्वतः काढला, रडत रडत.

या गोष्टीला वर्ष झालं. गेल्या रविवारी मी माझ्या घरी, माझ्या खात्यात गेले. आत्याची मृत्यूची तारीख घालायची राहून गेली होती. माझ्या झाडावरचे जिवंत मोजकेच. नवरा, दोन मुलं, वडील.

आणि आत्याच्या नावाशेजारी... इंगा.

जिवंत.

मी ती कधी लिहिली नाही. शपथेवर सांगते.

थेनकाकांना फोन केला. त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर बघितलं. मला तर कुणीच दिसत नाही गं, म्हणाले. थट्टा करतील म्हणून मी वाट बघितली. त्यांनी केली नाही.

आज शनिवार आहे. घरातले सगळे बाहेर गेलेत. खिडकीबाहेर ऊन आहे, आणि हाडं फुटतील अशी थंडी.

हे लिहिताना मागच्या दाराशी तिसऱ्यांदा ऐकू आलं...

डावा. उजवा.

मी मघाशी जाऊन बघितलं. बर्फ सपाट आहे.

शहाणी पोर आहे. हाक आल्याशिवाय यायची नाही. पण नऊ वर्षांची आहे ती. एवढ्या थंडीत, कधीची उभी आहे. मी तोंडावर हात दाबून बसले आहे, आणि तरी तिचं नाव जिभेवर येतंय.

आज सकाळीच मी स्वयंपाकघर पुसलं.

फरशी केव्हाच वाळली आहे.