अण्णाचा उजवा पाय

वॉकर परत द्यायचा होता, एवढंच काम. पोरांनो, जरा जवळ सरका. शिवू, तो मोबाईल ठेव आधी. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या भिंतीला भिंत लागलेल्या घरात झाली.

ईरप्पा तुम्हाला आठवत असेल. एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर होता. गाडीवरून पडला आणि उजव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं. ऑपरेशन करून प्लेट बसवली, आठ स्क्रू. डॉक्टर म्हणाले, रोज गुडघा वाकवा. हा वाकवेना. "स्क्रू निसटला म्हंजे?" पाय राहिला काठीसारखा ताठ. ते लिंगायत, त्यांच्यात लिंगपूजा मांडी घालून करतात. हा खुर्चीवर बसून करायचा आणि डोळे पुसायचा. बायकोला, नीलम्माला, एकच सांगायचा, "मेल्यावर तरी मला मांडी घालून बसवा." त्यांच्यात माती देतात ती बसवूनच की.

मागच्या जानेवारीत छातीत कळ आली आणि गेला.

खड्ड्यात धाकटा भाऊ प्रभुलिंग उतरला, एकटाच. मला आपली बघायची खोड. वाकलो, तर त्यानं शाल आडवी धरली.

"काका, तितं पण वाकून बघितलंसा?"

बघितलं शिवू, तुझ्या लग्नातही बघीन. तर खालून आवाज आला. कट्. प्रभुलिंग म्हणाला, "बसला."

घरी नीलम्मानं विचारलं, "भावजी, नीट बसले न्हवं?"

"व्हय वैनी. पाय आपोआप दुमडला."

आपोआप? दहा महिने न दुमडलेला पाय? माझ्याकडं मात्र तो बघेना. नीलम्मालाही पटलं नव्हतं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "कुंडलिकभाऊ, तुमी वर हुता की. खरं सांगा." मी म्हणालो, शाल आडवी होती. आवाजाचं मात्र गिळलं.

मातीचा तिसरा दिवस, शनिवार. ईरप्पाचा वॉकर कुंभारी गावच्या श्रीमंत नावाच्या दोस्ताकडून आणलेला. श्रीमंतची आई दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून घरी यायची होती, तिला लागणार. म्हणून रात्री साडेनऊला प्रभुलिंग वॉकर गाडीला बांधून निघाला. देऊन साडेदहाला परत फिरला. पुढचं त्यानं मला एकदाच सांगितलं.

अक्कलकोट रोड. गाडी रिकामी. पण मागं जड लागत होती. पंक्चर असेल म्हणून थांबला, चाक दाबून बघितलं. हवा भरपूर.

पुन्हा निघाला. समोरून ट्रक आला. ईरप्पा मागं बसायचा तेव्हा त्याचा ताठ पाय रस्त्याकडं बाहेर निघायचा, म्हणून ट्रक दिसला की प्रभुलिंग गाडी डावीकडं दाबायचा. सवयीनं दाबली. सवयीनंच म्हणाला,

"अण्णा, पाय सांभाळ."

ट्रक गेला.

अंधार...

मग कानापाशी, अगदी हळू,

"सांभाळायचा कशाला... दुमडलायस की."

त्यानं मान वळवली नाही. आरशात बघितलं नाही. घर आलं. गाडी उभी केली. मागची सीट जराशी वर आली. कुणी उतरल्यावर येते तशी...

पहाटे नीलम्मानं मला हाक मारली. "जरा हिकडं या."

गाडीपासून दारापर्यंत फरशीवर पावलं. ओल्या काळ्या मातीची. डावं पाऊल घराकडं तोंड करून.

उजवं... रस्त्याकडं.

भुताची दोन्ही पावलं उलटी असतात म्हणतात. इथं एकच उलटं होतं.

नीलम्मानं पावलं बघितली. मग दारात आलेल्या प्रभुलिंगचं तोंड बघितलं. तिनं त्याला पुन्हा कधीच काही विचारलं नाही. बादली आणली आणि फरशी घासायला बसली.

डावी पावलं घासून निघाली.

उजवी... अजून आहेत.