पहिला मोनाका

बुधवारी सकाळी मी भाजी घ्यायला गेले की दुकानदार वर्तमानपत्रात मुळा गुंडाळता गुंडाळता विचारतो, "काय हो सावारागी-सान, काल तो डॉक्टर घड्याळामुळेच अडकला ना? मी बायकोला तेव्हाच म्हटलं होतं." खुनी कोण, असं त्यानं मला आजवर कधी विचारलेलं नाही. ते त्याला मंगळवारी पहिल्या पाच मिनिटांतच दिसलेलं असतं. आमची 'उशिरा येणारा पाहुणा' ही मालिका खून आधी दाखवते, खुन्याचा चेहरा आधी दाखवते, आणि मगच इन्स्पेक्टर निकाइदो छत्री झटकत दारात उभे राहतात. सगळ्या जपानला ठाऊक असलेली गोष्ट त्या एकट्या माणसाला कशी कळते, एवढंच बघायला लोक जेवणं आटपून बसतात.

ती मालिका मी लिहिते. पहिल्या भागापासून एकटी. खुनी शेवटच्या पानापर्यंत दडवून ठेवणाऱ्या लेखकांचं मला कधीच कौतुक वाटलं नाही. पत्ते लपवून कुणीही डाव जिंकेल. उघडे ठेवून जिंकायला डोकं लागतं, आणि ते मला आहे. यात विनय दाखवण्यासारखं काही नाही.

तेव्हा ही हकिकतही आमच्या रीतीनंच सांगते. खून मोरिवाकीनं केला. वाहिनीकडून आमच्या मालिकेवर नेमलेला निर्माता. आपल्या बायकोला, सुमिएला, त्यानं इझूच्या किनाऱ्यावरच्या बंगल्यात जिन्यावरून ढकललं. आता कोण आणि कसं, हे दोन्ही प्रश्न संपले. उरला तो निकाइदोचा प्रश्न.

निकाइदोचं काम अमामिया शोहेइ करतात. सत्तरी ओलांडलेले, बुटके, कान मोठे. तरुणपणी उत्तरेकडच्या बर्फात गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळीत होते. त्यांची एक अट पहिल्या दिवसापासून होती. संहितेतली खुनाची पानं त्यांना द्यायची नाहीत. "निकाइदोला जे ठाऊक नाही ते मला ठाऊक असून कसं चालेल?" असं म्हणायचे. त्यांच्या प्रतीतली ती पानं मी स्वतः काढून घेत असे, आणि उरलेली प्रतही ते पहिल्या वाचनाआधी उघडत नसत.

चोफूच्या स्टुडिओत सुतारशाळेच्या वरच्या मजल्यावर आमची वाचनाची खोली आहे. खालून करवतीचा आवाज आणि ओल्या रंगाचा वास येतो, खिडकीतून नदीवरचा रेल्वेचा पूल दिसतो. पहिल्या वाचनाला सगळे नट लांब टेबलाभोवती बसून खुनाची पानं वाचायचे, आणि तेवढा वेळ अमामिया-सान बाहेर बाकावर बसून राहायचे. वाचन झालं की दार उघडायचं. ते आत यायचे, सगळ्यांना वाकून नमस्कार करायचे आणि हातातला मिठाईचा खोका उघडायचे. आत मोनाका. तांदळाच्या कुरकुरीत पापुद्र्यात गोड पुरण भरलेलं असतं, तो. टेबलाभोवती एकदा नजर फिरवून पहिला मोनाका ते एका माणसापुढे ठेवायचे.

तो माणूस त्या भागातला खुनी असायचा. दर वेळी.

"आज कुणाचं नशीब?" असं ओकाबे, आमचा दिग्दर्शक, ओरडायचा आणि सगळे टाळ्या वाजवायचे. दुसऱ्या कुठल्याही मालिकेकडे असलं काही नव्हतं. आम्ही ते पाहुण्यांना दाखवायचो, घरचं मूल गाणं म्हणून दाखवतं तसं.

मी यात चमत्कार मानत नव्हते. ज्यानं नुकतीच मोठमोठ्यानं खुनाची पानं वाचली त्याचा घसा कोरडा पडतो, त्याचा बार्लीच्या चहाचा पेला रिकामा असतो. म्हातारा तेच बघत असणार. हे मी ओकाबेला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्हाला आनंद बघवत नाही का हो?" पुढच्या वाचनाला मी दार उघडण्याआधी सगळ्यांचे पेले काठोकाठ भरून ठेवले. त्याच्या पुढच्या वेळी खुन्याचं काम करणाऱ्या नटाला टेबलावरून उठवून रंगभूषेच्या मुलींमध्ये बसवलं. अमामिया-सान टेबलाला वळसा घालून गेले आणि त्याच्यापुढे वाकले. मग मी तपासणं सोडून दिलं. मला त्या माणसाचा अभिमान वाटायला लागला होता, आणि अभिमानाला कारणं शोधत बसायची सवय नसते.

त्या उन्हाळ्यात एका भागात खुनी होती कागावा मित्सुए. मोठी नटी. ती टेबलाच्या मधोमध बसली होती, पंख्यानं वारा घेत. मोरिवाकी भिंतीशी घडीच्या खुर्चीवर होता. उंच, शांत, नेहमी इस्त्रीचा शर्ट. वाचन संपलं, दार उघडलं.

अमामिया-सान मित्सुएजवळून पुढे गेले. तिनं हात पुढे केलेलाच होता. भिंतीपाशी जाऊन त्यांनी मोनाका कागदी रुमालावर ठेवून मोरिवाकीच्या गुडघ्याशी धरला.

करवत खाली चालूच होती.

"मी नाही हो अमामिया-सान," मोरिवाकी हसून म्हणाला. "मी फक्त बिलांवर सह्या करतो."

"सह्या करतानाच मारतोस की आम्हाला!" ओकाबे म्हणाला, आणि खोली हसली.

अमामिया-सान हसले नाहीत. मोरिवाकीकडे नाही, त्याच्या जरा वर बघत होते. "अजून भूक नसेल तर राहू दे," ते म्हणाले. मोनाका परत खोक्यात ठेवला. मग वळून मित्सुएला दुसरा दिला. "तुमचाही आहेच."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. मोरिवाकी चष्मा घरी विसरला होता, तो द्यायला त्याची बायको आली होती.

होय, सुमिए. जिवंत. निळ्या फुलांचा झगा, कपाळावर घाम, हातात चष्म्याचं घर. मी सांगितलेल्या खुनाला अजून अवकाश होता.

अमामिया-सान तिला बघून पांढरे पडले. खोका माझ्या हातात देऊन तिच्याकडे गेले आणि इतके खाली वाकले की ती गोंधळून मागे सरली. तिची पिशवी त्यांनी स्वतः घेतली आणि सपाता घालूनच तिला फाटकापर्यंत पोचवायला गेले. मी मागोमाग होते. फाटकाशी त्यांनी पिशवी परत दिली.

"मला नेहमी उशीर होतो," ते तिला म्हणाले. "क्षमा करा."

"अगंबाई, कशाबद्दल?" ती हसत म्हणाली. "उलट मीच तुमच्या कामात आले. आमच्याकडे दर मंगळवारी सगळे तुम्हालाच बघतात हो."

मोरिवाकीनं ही संधी सोडली नाही. आठवड्याभरात वाहिनीत बैठक बसली. अमामिया-सानचं डोकं चालत नाही, माणसं ओळखता येत नाहीत, त्यात हृदय अधू, उद्या चित्रीकरणात काही झालं तर जबाबदार कोण? निकाइदोसाठी एक तरुण नट आधीच ठरला होता. मी टेबलावर हात आपटून सांगितलं की ते आजवर एकदाही चुकलेले नाहीत.

"या वेळी चुकले ना," मोरिवाकी अगदी हळू आवाजात म्हणाला. "सगळ्यांसमोर. का सावारागी-सान, तुम्हाला मी खुनी वाटतो?"

सगळे हसले. अमामिया-सानना काढलं, मी लिहायचं थांबवलं, आणि शहरभर बोललं जाऊ लागलं की म्हातारा निकाइदो खुळावला. भाजीवालासुद्धा विषय टाळू लागला. एवढ्या वर्षांची त्या माणसाची अब्रू एका मिठाईच्या तुकड्यानं गेली, हे मला सहन होत नव्हतं.

शरदात सुमिए जिन्यावरून पडून गेल्याची बातमी आली.

अंत्यविधी दुपारी होता. पांढरी शेवंती, उदबत्तीचा धूर, मध्ये काळ्या फितीतला तिचा फोटो. मोरिवाकी पुढे उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला वाकत होता. डोळे सुजलेले होते. मलासुद्धा त्याची दया आली.

रांगेत माझ्या पुढे अमामिया-सान होते. लोक एकमेकांना कोपरानं खुणावत होते. त्यांनी चिमूटभर धूप वाहिला, फोटोपुढे हात जोडले. मग मोरिवाकीकडे वळले. पुढे सरकले नाहीत.

खिशातून कागदी रुमाल काढून त्यांनी उघडला.

"आता भूक लागली असेल," ते म्हणाले.

मोरिवाकीनं मोनाकाकडे पाहिलं.

मग मान वळवून आपल्या मागे पाहिलं.

मागे पांढरा पडदा होता, दुसरं काही नाही. मी नीट बघितलं.

मोरिवाकी पडद्याकडे बघत राहिला आणि हळूहळू खाली बसला. "तिचा एक बूट कुठंय?" एवढंच त्यानं विचारलं. त्याच संध्याकाळी तो आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात गेला. बूट बंगल्यातल्या माळ्यावर सापडला.

मग काय, वाहिनीची मोठमोठी माणसं अमामिया-सानच्या दारात जाऊन वाकून आली. तरुण नटाला दुसरं काम दिलं गेलं. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर त्यांचा फोटो छापला. भाजीवाल्यानं माझ्याकडून मुळ्याचे पैसे घेतले नाहीत. अभिमानानं माझं ऊर भरून आलं होतं, आणि तशीच मी नवीन भागाची संहिता घेऊन त्यांच्या घरी गेले. पहिली पानं काढलेली.

दुपारचं ऊन व्हरांड्यात आलं होतं. पर्सिमनची केशरी फळं सोलून दोरीला वाळत टांगलेली होती. त्यांनी चहा केला आणि मी निकाइदोचा प्रश्न विचारला. कसं कळलं?

"कळत काही नाही," ते म्हणाले. "मी दार उघडून आत येतो तेव्हा खोलीत एक माणूस जास्त असतो. मेलेला. तो ज्याच्या मागे उभा असतो त्याच्यापुढे मी मोनाका ठेवतो. त्यात माझं कर्तृत्व ते काय?"

"पण आमचे मेलेले खोटे असतात. मी रचलेले."

"म्हणून तर. काय माणसं करता हो तुम्ही! ती काचकाम करणारी बाई आठवते? डावा तळहात भाजलेला. तो सारखा बाहीत लपवत होती बिचारी."

तो भाजलेला हात माझ्या मनात होता. मी तो कुठेही लिहिला नव्हता, कुणाला बोलले नव्हते. अंगावर काटा आला, हे खरं. पण त्याच्या पाठोपाठ जे आलं ते सांगायला मला लाज वाटत नाही. मला वाटलं, असं लिहिणारं आणखी कोण आहे?

"मोरिवाकीमागे त्याची बायकोच होती," ते म्हणाले. "एका पायात बूट नव्हता. मला वाटलं, तुमच्या भागातलीच कुणी. मग दार वाजलं आणि तीच आत आली, घाम पुसत." त्यांनी माझ्या पेल्यात आणखी चहा ओतला. "तिला सांगायला हवं होतं. पण सांगणार काय?"

मी संहिता पुढे केली. त्यांनी हात लावला नाही. डॉक्टरनं साफ नाही म्हटलं होतं. चित्रीकरणाची दगदग, दिव्यांची उष्णता, एवढंही हृदयाला झेपणार नाही म्हणून.

"डॉक्टरला विचारा, मंगळवारी रात्री तो काय बघतो ते," मी म्हणाले. "लोकांनी तुम्हाला खुळा म्हटलं, अमामिया-सान. घरात बसून राहिलात तर तेच लक्षात राहील. एकदा त्या दारातून आत या. सगळ्यांना बघू द्या निकाइदो कोण आहे ते. तुमच्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही."

मी चांगली बोलले. संवाद हा माझा धंदाच आहे. त्यांचे मोठे कान लाल झाले, पाठ ताठ झाली, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला माझा निकाइदो दिसला.

"येतो," ते म्हणाले.

निघताना मी गमतीनं विचारलं, "आणि आज? माझ्यामागे आहे का कुणी?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. आरशात बघावं तसा केसांवरून हात फिरवला. मग हसले.

"तुम्ही लेखिका. तुमच्यामागे गर्दी असायचीच."

दारापाशी त्यांनी माझे बूट रीतीप्रमाणे बाहेरच्या दिशेला वळवून ठेवले. मग कपाटातून स्वतःचे जुने तपकिरी बूट काढले, धूळ पुसली, आणि माझ्या बुटांच्या मागे नीट जुळवून तेही बाहेरच्या दिशेला ठेवले. स्वतः मात्र मोज्यांवर आतच उभे राहिले आणि कमरेत वाकले.

"सांभाळून जा," ते म्हणाले. "दोघंही."

चित्रीकरण सोमवारी सुरू होतंय. भाग फार चांगला उतरलाय, मी त्यातली एकही ओळ बदललेली नाही.