ताठा बाणाचा की माझा?

"ताठा लई आहे!"

दिल्लीतल्या द्वारकेच्या मैदानावर मी नेम धरलेला, आणि मागून हे! माझा बाण पुन्हा डावीकडे... गवतात. मी गर्रकन वळले. बांबूचं धनुष्य खांद्याला अडकवलेला एक उंच, सावळा मुलगा. दिल्लीत कुणाला मराठी कळतंय, म्हणून खुशाल बोलत होता!

"ओ मिस्टर, ताठा कुणाला म्हणता?"

बिचारा पांढराफटक पडला. "तुम्ही... मराठी? अहो, बाणाला म्हणालो! काडी ताठ आहे. सुटताना वाकत नाही, म्हणून डावीकडे पळते."

"अच्छा! मला वाटलं, आईच बोलली."

तो हसला – गालावर चक्क खळी! झालं... मी गेलेच कामातून.

नाव शहाजी. वडील कॅन्टोन्मेंटमध्ये सुभेदार, गाव साताऱ्याकडे. मी अहिल्या. रविवारी दिल्लीच्या संघाची निवड होती. ती हुकली की धनुष्य माळ्यावर आणि मी बँकेच्या परीक्षेच्या क्लासला – बाबांनी ठणकावलं होतं.

"बाण धनुष्याला जुळायला हवेत," शहाजी म्हणाला. दोन विटांवर बाण आडवा ठेवायचा, मधोमध माझा जेवणाचा डबा लटकवायचा. कमी वाकला, की हा काचेच्या तुकड्याने बाणाचा बांबू तासणार, एक डोळा मिटून बघणार, पुन्हा डबा लटकवणार. मीही बघत होते – बाणांकडे नाही, सांगायलाच हवं का?

शनिवारी बाण सोडून पाहिले. सुरुवातीला तासलेले थेट मधल्या पिवळ्या वर्तुळात! नंतरचे मात्र सगळे... उजवीकडे.

शहाजी डोकं धरून बसला. "हे जास्तच तासले गेले. मऊ पडले. पण वजन तर तेच होतं!"

"तेच नव्हतं," मी पुटपुटले. "तुम्ही पाणी आणायला गेलात ना... मी थालीपीठं खाल्ली. डबा हलका झाला, आणि तुम्ही उगाच तासत बसलात."

"सगळी?"

"भूक लागली होती यार!"

तो पोट धरून हसत सुटला. "आधीचे बाण पुरतील उद्याला."

पुरले! रविवारी माझं नाव पुकारलं, तेव्हा मी नाचतच त्याच्याकडे धावले.

"बाणाचा ताठा तर उतरला," मी म्हणाले. "आणि माझा?"

"तो असू द्या..." तो खाली बघत म्हणाला. "मला आवडतो."

"'असू द्या' काय? 'असू दे' म्हण ना!"

त्याने मान वर केली, ओठ हलले – आणि डोक्यावरून विमान घरघरत गेलं. मी ऐकलं होतं. पण पुन्हा ऐकायचं होतं ना!

"क्या? जोरात बोल!"

"तू आवडतेस मला!" तो ओरडला. विमान तेवढ्यात लांब गेलेलं. अख्ख्या मैदानाने ऐकलं... कळलं फक्त मला.

मी पिशवीतून डबा काढून त्याच्यापुढे धरला. "घे. आज सगळी आहेत."