चोर पीस

थेरगावात, डांगे चौकाजवळच्या एका बेकरीच्या वर अरुंधती मोघेचं खासगी तपासाचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. अजिम शेख जिना चढून आला तेव्हा त्याच्या कडेवर आठ महिन्यांची मुलगी होती. बसण्याआधी त्याने खुर्ची हलवून पाहिली, मगच मुलीला मांडीवर घेतलं.

"माझं आकुर्डीला गॅरेज आहे मॅडम. बायको, जमिला, चाकणच्या कंपनीत आहे." तो थांबला. "होती म्हणा."

"काय झालं?"

"ती माल तपासते. स्कूटरचे ब्रेक आर्म. तिने पास केलेल्या ट्रेमधला एक आर्म गिऱ्हाईक कंपनीत चाचणीच्या गाडीला लावला आणि तुटला. चालवणाऱ्याचा खांदा निखळला. जमिलाला घरी बसवलंय. शुक्रवारी निकाल देणार."

अरुंधतीचा सहकारी सलिल वहीत लिहून घेत होता. विमा कंपनीत बारा वर्षं काढल्यामुळे तो सगळं टिपून ठेवायचा. टिपलेल्याचं काय करायचं ते मात्र अरुंधतीवर सोडायचा.

"ती स्वतः काय म्हणते?"

"म्हणते, माझीच चूक. आठवत काहीच नाही, पण ट्रेवर माझं कार्ड होतं, म्हणजे मीच. सहीपण देऊन आली." अजिमने मुलीच्या तोंडातला दुपट्याचा कोपरा काढला. "नोकरी गेली तर गेली. पण आता ती गॅसचं बटण चार-चार वेळा बघते. हिच्या अंघोळीच्या पाण्यात आधी मला हात घालायला लावते. म्हणते, माझ्या हाताला कळत नाही. तिने केलं की नाही, एवढंच सांगा मला."

त्याने फोटो पुढे केले. मानेपाशी तुटलेला आर्म. तुटलेल्या जागी अर्ध्याहून जास्त भाग काळपट, उरलेला चकचकीत. दुसऱ्या फोटोत आर्मची खालची बाजू, त्यावर ठोकलेला बारीक आकडा: ११.

"मशीन नंबर असणार," सलिल म्हणाला आणि तसं लिहूनही टाकलं.

"माल कधीचा?"

"अठरा जूनचा. पहिली शिफ्ट."

कंपनीचे मॅनेजर सुरेंद्र दातार यांनी चौकशीला परवानगी दिली, तीही हसत. त्यांना शंकाच नव्हती.

"बाई चांगली आहे हो," ते म्हणाले. "पण बाळंतपणाची रजा संपवून आली, आणि लक्ष घरी. हे मी आधीच ओळखलं होतं. आमच्या क्वालिटी इंजिनिअर निवेदितालाही मी तिच्या मुलाच्या वेळी स्पष्ट सांगितलं होतं, की एक चूक आणि तुमची जागा बदलेन. तिने मात्र मला खोटं ठरवलं. सहा महिन्यांत तिच्या रजिस्टरला एक डाग नाही."

"तुटलेला आर्म कुठे आहे?"

"हा काय." तो त्यांच्याच टेबलावर होता. पोस्टाच्या पाकिटांवर वजन म्हणून ठेवलेला.

अरुंधतीने तो उचलला, उलटा केला, परत ठेवला.

तपासणीचं टेबल शेडच्या उत्तरेकडच्या खिडकीशी होतं. डावीकडे न तपासलेले ट्रे, उजवीकडे तपासलेले. दोन्हीकडचे ट्रे निळे, एकसारखे. खराब तुकड्यासाठी पायाशी लाल खोका.

निवेदिता तिशीची असेल. बोलताना मोबाईल हातात, स्क्रीन वर.

"रोज एका शिफ्टला मी गुपचूप एक चोर पीस ट्रेमध्ये घालते," ती म्हणाली. "म्हणजे मुद्दाम भेगेचा आर्म. तपासणाऱ्याची नजर जागी आहे ना, ते कळावं म्हणून. पूर्वी खराब निघालेले चार-सहा माझ्या कपाटात असतात. त्याने पकडला तर तो लाल खोक्यात जातो, मी काढून घेते, रजिस्टरला टिक करते."

"अठरा जूनला?"

"पकडला होता जमिलाने." तिने रजिस्टर फिरवलं. १८ जून, दोन पन्नास, सापडला. खाली सही. "मी स्वतः खोक्यातून काढला. एक सापडला, दुसरा सुटला. माणूस आहे, होतं असं."

"तिच्याबद्दल वाईट वाटतं?"

निवेदिताने मोबाईलकडे पाहिलं. "रोज," ती म्हणाली.

सुपरवायझर साहेबराव म्हाळुंग्याचा. ज्या जमिनीवर शेड उभी होती तिथे त्याच्या चुलत्याचा कांदा व्हायचा, असं तो नव्या माणसाला पहिल्यांदा सांगायचा. अरुंधतीलाही सांगितलं.

"जमिलाशी तुमचं भांडण झालेलं म्हणे," सलिलने थेट विचारलं.

"रोजच व्हायचं की! चांगला माल बी परत करायची. केसावानी भेग, मला चष्मा लावून दिसंना, हिला दिसायची. त्या अठराच्या दिवशी बी तीन काढलं. लाल खोकं मीच रिकामं करतो ना, तीनला शिफ्ट सुटली की. तिन्ही पार बारीक. मी वैतागून भिंगाखाली धरलं, तर व्हय, भेग हाय!"

"तीनच? आणखी काही नव्हतं खोक्यात?"

"तीनच. तिन्ही जूनचंच, बुडाला सहा ठोकलेला. ज्या म्हैन्यात आर्म बनला त्या म्हैन्याचा आकडा असतो तिथं. पर बघतंय कोण? सगळ्यांचं डोळं मानंकडं."

सलिलने लिहिलं: साहेबराव, राग होता.

गेटवर पहारेकरी कोंडीराम खुर्चीत बसून शेंगा सोलत होता. अठरा जून त्याच्या लक्षात होता, कारण त्या दिवशी त्याला गेट सोडून पळावं लागलं होतं.

"निवेदिता मॅडमला रिक्षा मिळंना. पोराला ताप भरलेला, पाळणाघरातनं फोन आला, बाई नुसती रडकुंडीला. मी हमरस्त्यापर्यंत पळालो. आलो तवा जेवणाची घंटा व्हायची होती. लोक हात धुवायला निघालेले. मॅडम त्या दिवशी परत आल्याच न्हाईत."

"जेवणाची घंटा किती वाजता?"

"बाराला. कधी चुकली न्हाई."

परतीच्या वाटेवर सलिल गाडी चालवत होता. "मला वाटतं साहेबराव. रोजची कटकट जावी म्हणून यानेच खराब आर्म पास मालात सरकवला."

"जमिलाकडे चल," अरुंधती म्हणाली.

जमिलाने दार उघडलं, चहा केला, गॅस बंद केला. बाहेर येऊन बसली. परत आत जाऊन बटण पाहून आली.

"तुम्ही कशाला दगदग करता ताई," ती म्हणाली. "त्या खांदा निखळलेल्या माणसाची आई रोज त्याला भरवत असेल. मी झोपेत होते का काय होते, मलाच कळत नाही."

"मुलगी रात्री जागवते?"

"नाही हो. शहाणी आहे ती. तेच तर. तिच्यावर ढकलायलाही जागा नाही."

शुक्रवारी सगळे दातारांच्या केबिनमध्ये जमले. जमिला दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसली होती. अजिम मुलीला घेऊन बाहेर उभा होता.

अरुंधतीने तुटलेला आर्म पाकिटांवरून उचलला आणि उलटा करून दातारांसमोर ठेवला.

"वाचा."

"अकरा. मग?"

"साहेबराव, अठरा जूनच्या मालावर काय आकडा हवा?"

"सहा," साहेबराव म्हणाला. मग तो पुढे वाकला. "आयला. हा तर नोव्हेंबरचा हाय."

"नोव्हेंबरचा, आधीच खराब निघालेला. म्हणून तुटलेल्या जागेचा मोठा भाग काळा. भेग जुनी आहे, महिनोन्‌महिने कपाटात तेल-धूळ पिऊन काळवंडलेली. चकचकीत आहे तेवढंच त्या दिवशी तुटलं. असे जुने आर्म या कंपनीत एकाच ठिकाणी असतात."

निवेदिताच्या हातातला मोबाईल उपडा झाला.

"हा चोर पीस आहे," अरुंधती म्हणाली. "रजिस्टर सांगतं की तो सापडला आणि दोन पन्नासला लाल खोक्यातून निघाला. पण लाल खोक्यात त्या दिवशी तीनच आर्म होते, तिन्ही जूनचे. आणि दोन पन्नासला मॅडम इथे नव्हत्याच. बाराच्या आत कोंडीरामने त्यांना रिक्षात बसवलं होतं. म्हणजे तो खोक्यात पडला असता, तर तीनला साहेबरावांना मिळायला हवा होता."

"मग जमिलाला तो दिसला कसा नाही?" सलिलने विचारलं.

"भिंगाखालची भेग नुसत्या डोळ्यांनी पकडणारी बाई ही. हिच्यापुढे हा आर्म आला असता तर तिने डोळे मिटूनही काढला असता. तो तिच्यापुढे आलाच नाही. तो डावीकडे ठेवायचा होता. ठेवला गेला उजवीकडे, तिचं कार्ड लागलेल्या ट्रेमध्ये. एका हातात आर्म, दुसऱ्या हातात पाळणाघराचा फोन. बरोबर ना, मॅडम?"

निवेदिताने मोबाईल टेबलावर ठेवला.

"ओजसला एकशेचार होता," निवेदिता म्हणाली. "पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या, डोळे फिरवतोय. आर्म मी कुठे ठेवला मला आठवतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबरावांना विचारलं, खोक्यात काय होतं. ते म्हणाले, तीनच, जूनचे. तेव्हा कळलं. ट्रक रात्रीच गेला होता. गिऱ्हाईक कंपनीला एक फोन करायचा होता मला. नुसता एक फोन. पण साहेब म्हणाले होते, एक चूक... म्हणून रजिस्टरला टिक केली." ती जमिलाकडे वळली. "तू सही केलीस ना, तेव्हा मला वाटलं, कदाचित खरंच तूच..."

जमिला तिच्याकडे पाहत राहिली. "ओजस आता बरा आहे का?" तिने विचारलं.

निवेदिताने मान डोलावली आणि तोंड ओंजळीत घेतलं.

दातार खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे शेवटी तेच निघालं. मी काय म्हणत होतो? मुलंबाळं झाली की लक्ष घरी."

अरुंधतीने आर्म उचलून पुन्हा त्यांच्या पाकिटांवर ठेवला.

"तीन आठवडे हा इथे होता. किती जणांनी हातात घेतला? तुम्हीही घेतला. बुडाचा आकडा कुणीच नीट वाचला नाही, कारण चूक कुणाची ते आधीच ठरलं होतं. तुमच्या घरी कुणाला ताप नव्हता दातारसाहेब. तुमचं लक्ष कुठे होतं?"

जमिलाला सोमवारी कामावर परत घेतलं. निवेदिताची बदली स्टोअरला झाली. कागद घ्यायला अरुंधती आणि सलिल दुपारी शेडवर आले, तेव्हा जमिला उत्तरेच्या खिडकीशी बसली होती. साहेबराव बाजूला उभा होता. अर्धा दिवस झाला तरी उजवीकडे एकही ट्रे नव्हता.

तिने एक आर्म उचलला. उजेडाकडे धरला, फिरवला, बोटाने मान चाचपली. उलटा करून बुडाचा आकडा वाचला. पुन्हा उजेडाकडे धरला.

"साहेबराव, यात चोर कुठला आहे?"

"एक बी न्हाई, पोरी," तो हळूच म्हणाला. "म्या स्वतः बघितलंय. सगळा माल चांगला हाय."

जमिलाने त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या आर्मकडे. आणि वाकून तो लाल खोक्यात ठेवला.