सात नंबरची घंटा

जेवणाची सुट्टी संपली तशी ती नेहमीप्रमाणे सात नंबरच्या घंटेकडे निघाली. घंटा म्हणजे दोन पुरुष उंचीचं, उपडं घातलेलं पोलादी भांडं. आत सिलिकॉनच्या बोटाएवढ्या जाड, उंच सळ्या उभ्या करायच्या, विजेनं लालभडक तापवायच्या आणि वायू सोडायचा. त्यातलं शुद्ध सिलिकॉन कणाकणानं सळ्यांवर बसत जातं. चार दिवसांत सळी दंडाएवढी जाड होते. सोलर पॅनेल पुढे त्याचंच बनतं. तिचं काम दर तासाला काचेच्या झरोक्यातून सळ्या पाहण्याचं.

तिनं डोळा लावला. सळ्या सकाळीच चढवल्या होत्या, अजून बारीक होत्या. आत सगळं केशरी धगधगत होतं. आणि मागच्या सळ्यांच्या आड काहीतरी काळं उभं होतं.

अकराशे अंशांच्या त्या उजेडात काळं काही असणं शक्यच नव्हतं. तिनं काच पुसली. ते तिथंच. तासाभरानं ते मधल्या रांगेत होतं. पुढच्या खेपेला अगदी पुढच्या सळीपाशी. हॉलमध्ये विजेचा गुणगुणाट तेवढा चालू होता.

ती धावतच मामाकडे गेली. सख्खा मामा, हॉलचा सुपरवायझर. नोकरीही त्यानंच लावलेली.

"मामा, सातमध्ये... आत कुणीतरी आहे."

तिला वाटलं, तो हसेल. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"किती पुढे आलंय?" त्यानं हळूच विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"आठ वर्षांपूर्वी दिसलं होतं, पार मागच्या भिंतीशी. तेव्हापासून मी त्या काचेला डोळा लावला नाही."

"आणि मला लावायला सांगितलंस?"

ती घंटा बंद करायच्या लाल बटणाकडे झेपावली. त्यानं तिचं मनगट धरलं.

"बंद केलीस तर आत्ताच उघडावी लागेल... चालू आहे तोवर ते आत आहे."

पण चौथ्या दिवशी घंटा उघडावीच लागली. क्रेननं ती वर उचलली, तेव्हा दोघं एकमेकांना खेटून उभे होते. आत कुणी नव्हतं. नुसत्या करड्या, गार सळ्या. मामानं सुस्कारा सोडला, पुढे झाला आणि थबकला.

पुढच्या सळीवर, छातीच्या उंचीला, पाच खोल खाचा होत्या. सळी बारीक होती तेव्हाच कुणीतरी तिला मूठ घातली होती आणि सिलिकॉन त्या बोटांभोवती वाढत गेलं होतं.

मामानं हात खाचांवर ठेवला. बोटं बसेनात. "हा हात माझा नाही," तो पुटपुटला. ते आपल्यासाठीच येतंय, या आठ वर्षांच्या भीतीचं ओझं उतरल्यासारखे त्याचे डोळे भरून आले. "माझा नाही गं..."

मग त्याची नजर शेवटच्या खाचेवर गेली. करंगळीची खाच मधूनच बाहेर वाकली होती. लहानपणी तिची करंगळी दारात चेंगरून अशीच वाकडी झाली, तेव्हा तिला कडेवर घेऊन दवाखान्यात धावला होता तो हाच मामा.

त्यानं तिच्या हाताकडे पाहिलंही नाही.

तिनं हातमोज्याच्या आत मूठ घट्ट आवळली. सळीपाशी ती गेली नाही. पण बोटांना मात्र हळूहळू ऊब लागत होती.