रुग्ण क्रमांक चौदा

शनिवारी सकाळी दहा वाजता अठ्ठावीस संघ आपापल्या टेबलांवर जाऊन बसले, तेव्हा नोंदणीपाशी दोनच माणसं शिल्लक राहिली. एक ती. दुसरा, तिच्या खुर्चीच्या पाठीला आपली बॅग अडकवून मान टाकून झोपलेला उंच मुलगा.

“ऊठ. तुझ्या बॅगेने माझी खुर्ची मागे कलंडतेय.”

“चार्जर आहेत त्यात. चार,” डोळे न उघडता तो म्हणाला. “मित्रांचे. ऐनवेळी त्यांना प्रायोजकाचा भाचा मिळाला, मी जास्तीचा झालो. ते गेले, चार्जर राहिले.”

“मग देऊन ये ना.”

“मागायला येतील. तेवढीच भेट होईल.”

लाल टी-शर्टातल्या संयोजकाने दोघांकडे, उरलेल्या भाजीकडे बघावं तसं पाहिलं. एकट्याला भाग घेता येत नाही असा नियम होता. “तुम्ही दोघं मिळून एकोणतीस नंबर. तो कोपरा, एसीखाली.”

दोन दिवसांत नवा धंदा शोधायचा, त्याचं ॲप बनवायचं आणि रविवारी चार वाजता परीक्षकांना चालवून दाखवायचं, अशी ही स्पर्धा. तिची ही सातवी. आधीच्या सहांतून तिला सहा टी-शर्ट मिळाले होते आणि त्यांतल्या दोहोंनी घरची फरशी पुसली जात होती. परवा बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता निकाल दिला होता, “पहिल्या तिघांत आलीस, तर अजून वर्षभर कर हे उद्योग. नाहीतर सोमवारपासून मामाच्या टायरच्या दुकानात काउंटरवर बस. त्याला माणूस हवाय.” तिने वाद घातला नाही. सहा स्पर्धांनंतर वाद घालायलाही अंगात त्राण लागतं.

कल्पना मात्र तिच्याकडे तयार होती. आत्याची दाढ काढायला ती अडीच तास दवाखान्यात बसली होती. दाढ चार मिनिटांत निघाली. म्हणून हे ॲप : घरबसल्या नंबर घ्यायचा, तक्रार लिहायची. डॉक्टर ती वाचून सल्ला लिहिणार, आणि ‘पुढचा’ हे बटण दाबलं की रुग्णाचा फोन वाजणार.

डॉक्टरची बाजू तिने घेतली, रुग्णाची त्याने. चाचणीसाठी खोटे रुग्ण लागतात. बाकीची दुनिया तिथे ‘अबक’ लिहून मोकळी होते. हा गृहस्थ मनापासून आजारी पडला.

दुपारी तिच्या स्क्रीनवर पहिली नोंद आली. ‘रुग्ण क्रमांक एक. तक्रार : मान. एसीचं पाणी थेट कॉलरमध्ये पडतंय.’

प्रेमात पडायला म्हणे पाऊस लागतो. इथे एसी गळत होता. तिने सल्ल्याच्या चौकटीत लिहिलं, ‘खुर्ची सरकवा.’

त्याने सरकवली. ती नेमकी तिच्या खुर्चीला येऊन टेकली.

‘रुग्ण क्रमांक चार. तक्रार : भूक. डॉक्टरांकडे बिस्किटांचा पुडा असल्याचं समजतं.’

‘दोन. जेवणानंतर.’

“जेवण कुठे मिळालंय?” तो तोंडाने म्हणाला.

“तक्रार लेखी द्या.”

त्याने दिली. तिने तीन बिस्किटं त्याच्याकडे सरकवली, आणि दोघांची बोटं जरा… जास्तच वेळ पुड्यावर राहिली. दोघांनीही कागदावरची पोषणमूल्यं वाचायला घेतली.

रविवार उजाडला तेव्हा सभागृहातल्या माणसांचे चेहरे पासपोर्टच्या फोटोसारखे झाले होते. थकवा माणसाला खरं बोलायला लावतो. तिने त्याला सोमवारचं सांगून टाकलं, मामाच्या दुकानाच्या पत्त्यासकट.

तो टाइप करायचा थांबला. मग म्हणाला, “टायर चांगला धंदा आहे.”

“हो.”

“गोल असतात.”

“झोप जरा तू.”

पण झोपली तीच. की-बोर्डवर डोकं ठेवून. जाग आली तेव्हा अकरा वाजले होते. तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चार्जर रचलेले होते आणि त्यांवर संयोजकांची जाडजूड फाइल आडवी. एसीचं पाणी त्या छपरावर टपटपत होतं. तो शेजारी बसून काम करत होता, कॉलर भिजलेली.

ती तशीच पडून राहिली. छप्पर मोडायचं जिवावर आलं, एवढंच.

चारला पाच कमी असताना तिने विचारलं, “खोटे रुग्ण काढलेस ना?”

“काढले.”

काढले होते, खरंच. स्वतःच्या लॅपटॉपवरच्या प्रतीतून. सभागृहाच्या मोठ्या पडद्याला मूळ यादी जोडलेली होती, आणि तिच्यात चौदाच्या चौदा रुग्ण सुखरूप होते. त्यांतले तेरा तिच्या ओळखीचे होते. चौदावा ती झोपलेली असताना आला होता.

मधल्या परीक्षक बाईंनी चष्मा लावून वाचलं. “रुग्ण क्रमांक चौदा. तक्रार : कालपासून बरं वाटतंय. सोमवारी जाईल अशी भीती आहे. उपाय असल्यास कळवावा, नसल्यास नुसतं बसू द्यावं.” बाईंनी चष्मा काढला. “थांबण्याचा वेळ, सात तास बारा मिनिटं. तुमचं ॲप वेळ वाचवतं म्हणालात ना?”

“डॉक्टर झोपल्या होत्या,” तो म्हणाला.

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. “नोंद खोटी आहे का?”

‘हो, चाचणीची आहे’ म्हटलं की गुण फारसे जाणार नव्हते. तिच्या डोळ्यांसमोर बाबांचा पेपर आला, मामाचा काउंटर आला. शेजारी तो छताकडे बघत उभा होता, एसी दुरुस्त करायचं कंत्राट मिळाल्यासारखा.

“नाही…” ती म्हणाली. “ही एकच खरी आहे.”

आणि तिने ‘पुढचा’ दाबलं.

त्याच्या खिशातला फोन सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा बोलला – “तुमचा नंबर आला आहे. कृपया आत या.”

“चालतंय,” बाई म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

चौथा नंबर आला. तिसरा प्रायोजकाच्या भाच्याचा. मित्र चार्जर न्यायला आले, तेव्हा त्याने मोजून चार परत केले आणि कुणालाच थांबवलं नाही.

“मग उद्या टायर?” दारात त्याने विचारलं.

“टायर.”

दोघांनी आपापला टी-शर्ट घेतला. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं, पण डोळे मिटत होते.

सोमवारी मामाच्या दुकानात सहा गिऱ्हाइकं ताटकळली होती आणि मामा “ए निळी स्कूटर” अशा हाका मारत होता. अकरापर्यंत तिने तिथे ॲप बसवून दिलं, दारावर त्याचा क्यूआर कोड चिकटवलासुद्धा. ‘डॉक्टरांचा सल्ला’ ही चौकट बदलायचीही ताकद नव्हती, तशीच राहिली.

“यात मी ओरडायचं कुठे?” मामाने विचारलं.

“ओरडायचं नाही, मामा. बटण दाबायचं.”

मामाला ते फारसं पटलं नाही.

एक वाजता नवी नोंद आली. ‘तक्रार : टायर ठीक आहे. गाडीच नाही. तरी येऊ का?’

तिने मान वर केली. दाराबाहेर, निळ्या स्कूटरच्या मागे, कालचाच टी-शर्ट घालून तो रीतसर रांगेत उभा होता. पुढे चार माणसं होती, आणि नियम तिनेच केला होता. ‘पुढचा’ दाबता येईना.

तिने काउंटरमागचं दुसरं स्टूल पायाने जवळ ओढलं, आणि सल्ला लिहिला.

‘खुर्ची सरकवून ठेवली आहे.’