झिऱ्यातलं केशरी पाणी

“रंग उडवू नको, जमुने. तिन्ही मडकी भरून ठेव,” तारा मैत्रिणीला म्हणाली आणि रंगपंचमीचा खेळ तिथेच थांबला.

सोबतीला जमुनेचा भाऊ उद्धव होता; त्याच्या शाळेला शिमग्याची सुट्टी होती. कापसाला सोन्याचा भाव आलेला तो काळ! अकोल्यात मोर्णेच्या काठी गाड्यांची रीघ लागायची. चाकांची ती करकर आणि कोऱ्या कापसाचा तो वास तारा म्हातारपणीही विसरली नाही. पण त्या वर्षी तिचं मन खेळात नव्हतं. तिचा धाकटा भाऊ नारायण आठ दिवस पोट धरून पडला होता. नदीच्या वाळूत खणलेल्या ज्या झिऱ्याचं पाणी सगळी आळी प्यायची, त्याला कुबट वास येत होता.

वासाचा माग उद्धवने काढला. झिऱ्याच्या वरच्या अंगाला शेषरावांचा कापसाचा वाडा होता. तिथली सडकी सरकी आणि बैलांचं शेणमूत काठावरच्या खड्ड्यात लोटलं जायचं. मुलांनी सांगितलं तर शेषराव हसले.

“पोट्टेहो, मधात दहा हात वाळू हाय. वाळू समदं गाळते. काहून डोकं खाऊन राहिले?”

आळीतले वडीलधारेही हेच म्हणायचे. म्हणून ताराला रंग हवा होता.

भरदुपारी गाडीवान पेंगत असताना तिघांनी दाट उकळलेला पळसफुलांचा रंग त्या खड्ड्यात ओतला.

“उगाच गेला रंग,” जमुना हळहळली.

दुसरा दिवस कोरा गेला. तिसऱ्या सकाळी आळीतल्या पार्बताबाई झिऱ्यावर गेल्या आणि रिकामी घागर घेऊन धावत परतल्या. पाणी केशरी झालं होतं! बघता बघता सारी आळी वाळूत जमली. शेषरावही तांब्या घेऊन आले, कारण त्यांच्या घरचं पाणीही इथलंच.

“झिऱ्यात रंग कोनं टाकला?”

“झिऱ्यात नाई, काका. परवा तुमच्या खड्ड्यात टाकला,” तारा म्हणाली. “वाळूनं गाळला नाई. मंग शेणाचं पानी कसं गाळन? माहा नारायण तेच पेते.”

शेषरावांनी तांब्या झिऱ्यात बुडवून आतल्या केशरी पाण्याकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच फावडं मागवलं. संध्याकाळपर्यंत खड्ड्यातली घाण शेतावर गेली आणि वाड्याच्या पार वर नवा झिरा खणला गेला.

“इतके वरीस पानी भरलं, पन तुह्यासारखं कोनी पायलं नाई, पोरी,” पार्बताबाई ताराच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या.

नारायण बरा झाला. पुढे गाड्यांची रीघ आटली, ताराचे केस पिकले. पण पळस फुलला की तिला ती सकाळ आठवायची, आणि तांब्या तोंडाला लावण्याआधी ती एकदा आत डोकावून बघायची.